आत्याच्या दुकानातल्या खुर्च्या

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि पत्र वाचून होईपर्यंत तिथंच ठेवतो. तब्येत बरी असेलच. (फोन बंद ठेवल्यापासून झोप लागते, असं बाबांकडून कळलं.)

ज्या मेल्यानं तुझा नंबर कुठंतरी छापला तो सापडला. तो मीच.

तू विणलेल्या बाळटोप्या घरबसल्या विकल्या जाव्यात म्हणून इंटरनेटवर दुकान काढून देतो, असं मी सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो होतो. त्यासाठी तयार सांगाडा फुकट मिळतो. आपण त्यात नाव, नंबर आणि माल भरायचा, मग तो सर्व्हरवर चढवायचा, की दुकान जगाला दिसतं. नाव भरलं, नंबर भरला. तेवढ्यात पानावर हिरवी खूण उमटली आणि मला इतका हर्ष झाला, की माल भरायच्या आधीच दुकान चढवून सगळ्या गावाला कळवलं. सांगाड्यात नमुन्यादाखल खुर्च्या होत्या, त्या तशाच राहिल्या. (‘आमच्याविषयी’खाली दोन दाढीवाल्यांचा फोटोही.) लोक खुर्च्यांसाठी तुला फोन करत राहिले, आणि तू त्यांना म्हणत राहिलीस, ‘खुर्च्या नाहीत रे बाळा, पण ये, सतरंजीवर बस.’

लाज याची नाही. तू रडकुंडीला येऊन मला फोन केलास, तेव्हा मला सगळं उमगलं होतं. तरी मी म्हणालो, अशा माणसाला पोलिसांत द्यायला हवं. तू म्हणालीस, ‘तू आहेस म्हणून धीर आहे.’ ते ऐकल्यापासून घास गिळवत नाही. शेवटी बायकोनं सांगाड्यासोबतच्या सूचना पूर्ण वाचल्या. ‘नमुन्याचा माल आधी काढा’ हे शेवटच्या ओळीत होतं. तिनं खुर्च्या काढल्या, टोप्या लावल्या, आणि हे पत्र लिहायला मला बसवलं.

क्षमा कर. यापुढे तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

तुझा नालायक भाचा

ता. क. प्रसूतिगृहातल्या एका परिचारिकेनं दुकानाच्या पानावर लिहून वीस टोप्या मागितल्यात, शनिवारपर्यंत. मी हो म्हणून बसलोय.

ता. क. दुसरा. त्या बाईंना मी तुझ्याच नावानं उत्तरं लिहिली. बोलता बोलता गुडघे दुखतात असंही लिहून गेलो. टोप्या न्यायला त्या स्वतः तुझ्याकडे येणार आहेत. जरा लंगडशील का?