गाडी खरी आहे हो!

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे चिन-फूचा, (मोबाइल बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून) नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? तायपेत म्हणे पाऊस ठाण मांडून बसलाय. इथे ताइनानात नोव्हेंबर उजाडला तरी पंखा चालूच आहे. ली-श्या (माझी बायको, जी तुला सगळं माझ्याआधी फोनवर सांगून मोकळी होते) बरी आहे. आता या जमान्यात कागदावर पत्र कशाला, असं तू विचारशील. ताई, तू आपल्या घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. मी रोज पहाटे कमळाच्या फुलावर 'शुभ सकाळ, पाणी प्या' असं लिहून चित्र पाठवायचो, त्यानं तुझा फोन गच्च भरला, असं भाचीनं कळवलं. मी मनाला लावून घेतलेलं नाही. एक दिवस फक्त जेवलो नाही. (ली-श्या म्हणते, रात्री उठून मासळीची पेज संपवली ती मांजरानं का? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

तर मुख्य बातमी अशी, की मी निवडणूक जिंकतोय. वीस वर्षं मी इथला वॉर्डप्रमुख आहे. एरवी समोर उभं राहायला कुणी धजत नसे. यंदा फांग यी-च्येन उभी आहे. गल्लीच्या टोकाला नखं रंगवायचं दुकान आहे ना, ती. वय तिशीचं. ही बाई रस्त्यावरच्या बंद दिव्याकडे बोट दाखवून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहते, मागे गाणं लावते आणि विचारते, "हा दिवा कधीपासून बंद आहे बरं?" (दिवा बंद होता, हे खरं. पण मला विचारायचं ना! जगाला कशाला विचारायचं?) मग मीही देवळाच्या माडीवर ज्येष्ठांसाठी भरणाऱ्या मोबाइल वर्गाला नाव घातलं. तिथले मास्तर म्हणाले, आजकाल मतं तळहातावर असतात. माझे डोळे खाडकन उघडले. ठरवलं, आता जिने चढणं बंद, वॉर्डातल्या प्रत्येक मयताला काळं जाकीट घालून जाणं बंद, संध्याकाळी कचरागाडीपाशी हात मिळवत उभं राहणं बंद. मी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचणार, त्याच्या आधी माझा चेहरा तिथे पोचलेला असेल!

पहिल्या संध्याकाळी ली-श्याच्या न्याहारीच्या दुकानात, अंडापोळीच्या तव्यामागे, नावाचा पट्टा अंगावर घालून थेट प्रक्षेपण केलं. बघायला सहा जण. त्यातले दोन मीच, जुन्या फोनवरून आणि नव्या फोनवरून. बाकीचा वॉर्ड कुठे गेला म्हणून डोकावून पाहिलं, तर सगळे कचरागाडीपाशी! तू आता पहारेकरी असलेल्या इमारतीत राहतेस, तळघरात पिशवी टाकली की झालं, म्हणून आठवण करून देतो. इथे अजूनही वळणावर गाडीची ती पियानोची धून वाजली, की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन सपाता फटफटवत खाली उतरते. एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा. आणि तिथेच मला कल्पना सुचली. (आपल्या घराण्यात अक्कल पहिल्यापासून आहेच.)

दुसऱ्या दिवशी ती धून फोनमध्ये भरून घेतली, फोन प्रचारगाडीच्या कर्ण्याला जोडला आणि प्रक्षेपणाच्या आरंभी दणक्यात वाजवली. ताई, काय गर्दी लोटली म्हणून सांगू! मी फोन फिरवून जगाला दाखवत होतो, "बघा, हे माझ्यावरचं प्रेम!" प्रेम पिशव्या घेऊन इकडेतिकडे बघत होतं. यी-च्येनसुद्धा पिशवी घेऊन आली, म्हणजे माझा प्रचार तिलाही खेचतो, हे सिद्धच झालं. एवढ्यात चौथ्या मजल्यावरची त्साय आजी, ऐंशी उलटलेली, कठड्याला धरत खरकट्याची बादली घेऊन उतरली.

"गाडी कुठाय रे?"

"गाडी नाही आजी, मी आहे!"

आजीनं मला खालून वर न्याहाळलं. "बरं, मग हे तुझ्यात ओतू का?"

एवढाच तुकडा कुणीतरी कापून पसरवला आणि लाखो लोकांनी पाहिला. मी देशभर प्रसिद्ध झालो! मलेशियातून एकानं लिहिलं, 'प्रमुखसाहेब, तुम्हीच आमचे.' काओशुंग शहरातून तर शेकडो जणांनी अंगठे वर केले.

अडचण एवढीच झाली, की दुसऱ्या संध्याकाळी खरी गाडी आली तर एकही माणूस खाली उतरला नाही. सगळ्यांना वाटलं, मीच वाजवतोय. गाडी रिकामी निघून गेली. त्यानंतरचा दिवस बुधवार, गाडीची सुट्टी. त्यात हा उकाडा, आणि आदल्या रात्री निम्म्या वॉर्डात कोळंबी शिजलेली. गल्लीतला कुत्रा शेजारच्या वॉर्डात राहायला गेला. यी-च्येन भावाचा टेम्पो घेऊन पिशव्या गोळा करत फिरली. नाक मुरडत फिरली असती तरी चाललं असतं, हसत फिरली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला गाडीच्या पुढे पळत ओरडावं लागतं, "गाडी खरी आहे हो! आईशप्पथ खरी!" खिडक्यांतून म्हणतात, "आधी दोन्ही हात वर कर!" हातात फोन नाही हे पाहिल्यावरच उतरतात. त्साय आजीचा तर तेवढ्यानंही विश्वास बसत नाही. "वर येऊन सांग," म्हणते. चार मजले चढायचे, बादली खाली न्यायची, रिकामी करून वर आणायची, मग गळका नळ बघायचा, मुलाची गाऱ्हाणी ऐकायची. तिकडे लाखो प्रेक्षक खोळंबलेत आणि मी इथे नळ आवळतोय! पण चिंता नको. एवढी माणसं पाठीशी असताना मला हरवणार कोण?

पितरांना माझ्या नावानं एक उदबत्ती जास्त लाव. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा (विजयी) भाऊ,
चिन-फू

ता. क. मोबाइल वर्गाचे मास्तर आज म्हणाले, की मत द्यायला माणसाचं नाव याच वॉर्डात असावं लागतं. मलेशियावाल्याचं नाही. काओशुंगच्या त्या शेकडो जणांचंही नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?

ता. ता. क. तुमच्या घरातल्या चौघांची नावं अजून आपल्या जुन्या घराच्या पत्त्यावरच आहेत. शनिवारी या. हे काम अजून फोनवरून होत नाही, रांगेत स्वतःलाच उभं राहावं लागतं. ताई, खरं सांगू? मला भीती वाटतेय. वीस वर्षं लोकांच्या दारात गेलो. हरलो तर सकाळी उठून कुणाच्या दारात जाऊ? कमळ पुन्हा कधी पाठवणार नाही. ये.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी लिहिते. यांचा नवा फोन परवापासून तांदळाच्या डब्यात आहे, मीच ठेवलाय. हे सगळीकडे शोधताहेत. तुम्ही सांगू नका. निवडणुकीचं काय होईल ते होवो. काल मी गाडीपाशी उभी होते. खरीच गाडी होती, सगळे आपणहून उतरले होते. तरी त्साय आजी वरून ओरडली, "ली-श्या, गाडी खरी असो नाहीतर खोटी, त्याला वर पाठव. पेज गार होतेय."