रोध कमी, ओढ जास्त

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडील क्षेम तूर्त दोनशे तीस व्होल्टवर स्थिर आहे, तिकडील कळवावे. भाऊजींचा गुडघा जिन्याशी बोलू लागला की अजून अबोलाच आहे, तेही लिही.

पत्रास कारण, आभार. सख्ख्या बहिणीचे आभार मानू नयेत म्हणतात. पण असे म्हणणाऱ्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आणि इन्व्हर्टर एकत्र नांदत नसावेत. बाबांना घरी सोडण्यासाठी डॉक्टरांनी एकच अट घातली होती: वीज गेली तरी यंत्र बंद पडता कामा नये. अट पुरी होत नसेल तर मुक्काम दवाखान्यातच. आणि तिथल्या छताकडे पाहून पाहून बाबांनी बोलणेच टाकले होते, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आपला आठशे वॅटचा इन्व्हर्टर हे यंत्र पेलेल का, असे मी तुला फोनवर विचारले. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाच्या सहजतेने तू सांगितलेस की दाबाला प्रवाहाने, म्हणजे व्होल्टना अँपिअरने, भागले की रोध, गुणले की शक्ती. व्होल्ट आणि अँपिअर प्रत्येक वस्तूच्या पाठीवर छापलेले असतात.

यानंतर जे घडले त्यात दोष शास्त्राचा नव्हे, मराठीचा आहे. 'शक्ती' हा शब्द कानाला गुणाचा वाटतो. शक्ती जास्त आहे म्हणून कुणाला कोणी घराबाहेर काढत नाही (आत्याचा अपवाद). 'रोध' मात्र विरोध, अवरोध, गतिरोध अशा कुप्रसिद्ध कुळातला. इन्व्हर्टरला छळणारा तो हाच, अशी वाणिज्य शाखेच्या पदवीधराने स्वतःची खात्री करून घेतली. मी गुणाकार अनावश्यक म्हणून वगळले आणि भागाकार तेवढे केले, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. त्यासाठी घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून, भिंग लावून तिची पाठ वाचली. फ्रिजच्या मागे शिरलो तो अडकलोच (बाहेर काढण्यास सौ.ने मदत केली, त्या वेळचे तिचे शब्द पत्रात लिहिण्याजोगे नाहीत).

चौकशीअंती मुख्य आरोपी निघाला बाबांच्या उशाचा झिरोचा दिवा. प्रवाह शून्य दशांश शून्य दोन अँपिअर, आणि रोध साडेअकरा हजार ओहम! एवढासा जीव आणि एवढा विरोध. त्याच्यापुढे ऑक्सिजनचे यंत्र अगदीच मवाळ, एकशे त्रेपन्न. सर्वांत सालस ठरली इस्त्री, जेमतेम बावन्न. तिचा स्वभाव पाहून मला भरून आले. मी दिव्याला उशाकडून हद्दपार करून कपाटात कोंडले, मोबाईलच्या चार्जरला सक्त ताकीद दिली आणि इस्त्रीला अभय दिले.

बाबांच्या आधी यंत्र घरी येऊन पोहोचले होते. मेन स्विच बंद करून आम्ही तालीम घेतली. यंत्र सुरू झाले. सौ. माझ्याच परवानगीने बाबांच्या पलंगाच्या चादरींना इस्त्री करत होती. इन्व्हर्टर एकदा किंचाळला आणि मेला. त्याच्यामागून यंत्रही गप्प झाले. ताई, मी आधी पलंगाकडे पाहिले. पलंग रिकामा होता, एवढेच नशीब.

मग तुला केलेला तो दुसरा फोन. "अरे गाढवा," तू म्हणालीस (पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही पदवी आता फक्त तूच देऊ शकतेस), "रोध कमी म्हणजे वाट मोकळी! मोकळ्या वाटेने प्रवाह जास्त जाणार की कमी? गुणाकार कर, गुणाकार!" केला. यंत्र तीनशे पंचेचाळीस वॅट. सालस इस्त्री, एक हजार बारा. आणि ज्याला मी कपाटात कोंडले होते तो दिवा पुरते पाच वॅटही खात नव्हता.

फोन स्पीकरवर होता. सौ. चादरीची घडी घालत शांतपणे म्हणाली, "एवढ्यासाठी कशाला शिकायला हवं? ह्या घरात जो विरोध करत नाही, त्याच्यावरच सगळा भार येतो. मला विचारायचं होतं." तू तिकडे इतकी हसलीस की मी आधी स्पीकर बंद केला.

त्यानंतर गुणाकाराने चाललो. यंत्र, बाबांचा पंखा आणि सन्मानाने परत आलेला दिवा धरून सव्वाचारशेच्या आत भागते. डॉक्टरांनी होकार दिला आणि बाबा घरी आले. परवा दुपारी वीज गेली. मी जेवणावरून उष्ट्या हाताने धावलो, तर यंत्र आपले गुरगुरतच होते. बाबांनी एक डोळा उघडून विचारले, "गणित कुणाचं?" मी म्हणालो, "ताईचं." "मग ठीक आहे," म्हणाले, आणि कूस वळवून झोपले. या गोष्टीचा मला राग यायला हवा होता. आला नाही. दारात तसाच उभा राहून मी त्यांचा श्वास ऐकला, आणि मनोमन तुला नमस्कार घातला. तोच येथे लेखी करीत आहे.

भाऊजींस नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मोटारीवर चालणाऱ्या वस्तूंना हा साधा भागाकार तंतोतंत लागू पडत नाही, असे तू नंतर बजावलेस. म्हणजे एकशे त्रेपन्न हा आकडाही चूकच. माझ्या एकाच चुकीत दोन चुका होत्या, याची नोंद असावी.

ता. क. २. वरील सर्व मजकूर आभाराचा असला तरी पत्राचे खरे कारण इतके सरळ नाही. काल बाबांनी विचारले, "उरलेल्या विजेत आणखी एका माणसाचं भागेल का रे?" कुणाचे, ते बोलले नाहीत. मी पाहुण्यांच्या खोलीतला पंखा आणि तुझा वाचायचा दिवा धरून गुणाकार केला, मग सौ.कडून तपासून घेतला. भागते. तुझी विजेची किटली तेवढी आणू नकोस. ती फारच सालस आहे. चहा आम्ही गॅसवर करू. निघ.