आपोआप येणारा चहा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज उगाच बोर्डिंगमधली सकाळ आठवली. लांब टेबल, पत्र्याचे वाडगे, तळाला करपलेली लापशी. मी दहा वर्षांची, धाकटी बहीण सात. खाऊन झालं की मदर वाडगे तपासत यायच्या. माझा नेहमी लख्ख. मदर म्हणत, ही मुलगी देवाने दिलेल्या अन्नाचा मान राखते. धाकटीला भूक फार, त्यामुळे माझ्या वाडग्यातला करपलेला भागही तीच संपवायची. सांगायचं एवढंच, की कृतज्ञता माझ्या अंगात तेव्हापासून आहे.

काल चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी प्रत्येकाला एक निळी वही दिली. रोज देवाचे पाच आभार लिहायचे. दोन मार्चच्या रविवारी ज्यांची इच्छा असेल त्यांनी मंडळीसमोर वाचायचे. मी लगेच नाव दिलं. दुसऱ्या कुणी दिलं नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी सात

प्रभू, तुझे आभार.
उठले तेव्हा चहा उशाशी होता.
गुडघ्यासाठी गरम पाण्याची पिशवी तयार होती.
हरवलेला चष्मा फ्रीजमध्ये होता, तो आपोआप टेबलावर आला.
कोटाचं तुटलेलं बटण लागलेलं आहे.
पाचवं सुचत नाही. उद्या सहा लिहीन.

६ फेब्रुवारी

धाकटी भांडी फार वाजवते. मी म्हणाले, जरा हळू, मी आभार मानतेय. ती म्हणाली, मग जाता जाता माझेही मान की! नंतर म्हणाली, गंमत केली गं ताई.

आजचा पाचवा आभार: सहनशीलता.

९ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांना विचारलं, पाचाऐवजी सात लिहिले तर चालेल का. म्हणाले, चालेल, पण ताई, जे मिळालं ते कुणाच्या हातून आलं, तेही बघत चला. देवाच्या हातून, आणखी कुणाच्या? तरुण पाळक आहेत. शिकतील.

१३ फेब्रुवारी

भाचीचं पत्र. तिला पुढच्या महिन्यात बाळ होणार. धाकट्या आत्याने कायमचं राहायला यावं, स्वतंत्र खोली देते, महिनाअखेरपर्यंत कळवावं. धाकटीने पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि विचारलं, ताई, काय करू? मी म्हणाले, देवाला विचार. ती म्हणाली, विचारलं, त्याने तुझ्याकडे पाठवलं.

कधीकधी बरी विनोदी बोलते.

२१ फेब्रुवारी

आठ दिवस वही उघडली नाही. थकवा. डोळेही दुखतात. आज बसून, राहिलेले चाळीस आभार एकदम लिहून काढले. त्यात चहा आठ वेळा आला. पण चहा खरोखरच आठ दिवस आला होता, त्यामुळे खोटं काही नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार

धाकटी भांडी घासता घासता, पाठमोरीच, म्हणाली, माझा इथे काही उपयोग आहे का गं? मी म्हणाले, उपयोग देव ठरवतो. तिने नळ बंद केला आणि भांडी अर्धवट ठेवून आत गेली. वाक्य मनाला लागलं असावं. मी ते वहीत उतरवून ठेवलं. मंडळीसमोर वापरता येईल.

२४ फेब्रुवारी

धाकटीने तिकीट काढलं. शुक्रवारची बस. मी म्हणाले, निदान विचारायचंस तरी! ती म्हणाली, दोनदा विचारलं, ताई.

हरकत नाही. घरात शांतता होईल. चिंतन वाढेल.

२६ फेब्रुवारी

रविवारी वाचायचं ते मोठ्याने वाचून पाहिलं. समोर धाकटी बॅग भरत होती, तिलाच श्रोता केलं. चहा, पिशवी, बटण, वारांप्रमाणे लावलेल्या गोळ्या, जिन्यातला बदललेला बल्ब. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, छान आहे. देव फार राबला गं तुझ्यासाठी.

मी हसले. मग हसू जरा अडकलं.

संध्याकाळी वही घेऊन बसले. जिथे धाकटीचा हात लागला असेल तिथे पेन्सिलने बारीक खूण करायची ठरवलं. चार-पाच निघतील असा अंदाज होता. सगळे मिळून शंभरावर आभार. खूण नाही असे फक्त दोन. एक, खिडकीतलं ऊन. दुसरा, माझी नम्रता.

२७ फेब्रुवारी

ठरलं. उद्या दारात तिला सांगायचं, जाऊ नकोस. ते जमलं नाही तर निदान थँक यू. बाथरूममध्ये तीनदा म्हणून पाहिलं. उच्चार अजून उत्तम आहेत.

२८ फेब्रुवारी, सकाळ

टॅक्सी वेळेआधी आली. धाकटी बॅग घेऊन दारात. म्हणाली, येते ताई. मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: कात्री कुठे असते गं?

ती म्हणाली, दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, डावीकडे. दोन पायऱ्या उतरली. वळून म्हणाली, ताई, मलाही ती करपलेली लापशी आवडायची नाही हं.

टॅक्सी गेली. कात्री तिथेच होती.

२ मार्च, रविवार

उपासनेला गेले. घसा बसलाय सांगून वाचलं नाही. बसलाच होता. पाळकसाहेबांनी विचारलं, धाकट्या ताई कशा आहेत? त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं असं वाटलं. तरुण दिसतात तेवढे नाहीत.

थकले आहे. माझ्यामागे कुणाला शोधाशोध नको, म्हणून कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते.

निळी वही धाकटीला. माझ्या मरणाची वाट बघायची नाही, उद्याच पोस्टाने पाठवायची. गुडघे बरे असले तर. नम्रतेची ओळ खोडली आहे. उन्हाची देवाकडे राहू द्यावी. बाकीचे आभारही त्यालाच, पण तिच्या मार्फत.

गरम पाण्याची पिशवी धाकटीला. तिचेही गुडघे दुखतात. मला हे काल भाचीने फोनवर सांगितलं.

खिडकीजवळची खुर्चीही तिला. तिथे तिला बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

कोट पाळकसाहेब सांगतील त्या गरजू बाईला. बटणं पक्की आहेत.

कात्री या घरात जी राहील तिला.

आजचा आभार एकच. धाकटी.

सकाळी लापशी मी केली. सवयीने दोन वाडगे काढले. वरची चांगली लापशी धाकटीच्या वाडग्यात. तळाची करपलेली, मला.