रिंगला जाळी नव्हती

सर, काल आपल्या घाटकोपरच्या कोर्टावरच्या दोन्ही बास्केटबॉल रिंग कापून नेल्या. मी पोरींना घेऊन प्रॅक्टिसला पोचले, तेव्हा गॅस कटरवाला दुसऱ्या खांबाला भिडला होता. बाजूला टॉवर उभा राहतोय, त्यांना तिथे गाड्या लावायच्या आहेत. कोर्ट वाचवायला वर्षभर मी ज्याच्या त्याच्या दारात जाऊन आले, नगरसेवकाच्या ऑफिसात बाकावर बसून पाठ मोडली. सगळं फुकट गेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काल पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही नाही आहात.

तुम्ही दिवसभर गॅरेजमध्ये रिक्षा दुरुस्त करायचात आणि संध्याकाळी ग्रीसचे हात पँटला पुसत कोर्टावर यायचात. रिंगला जाळी कधीच नव्हती. बॉल आतून गेला की बाहेरून, यावरून आम्ही पोरी भांडत बसायचो. मग तुम्हीच तोंडाने जाळीचा आवाज काढायला लागलात. बॉल नीट आत गेला की 'छप्प'. लोखंडाला लागून गेला तर तुम्ही गप्प. त्या 'छप्प'साठी आम्ही जीव टाकायचो. मुलुंडच्या एका शाळेत मॅचला गेलो, तिथे चांगली पांढरीशुभ्र जाळी होती, तरी आमचा पहिला बॉल आत गेल्यावर आम्ही सगळ्या एकदम 'छप्प' ओरडलो. त्या शाळेच्या पोरी खो-खो हसल्या. तुम्हीही हसलात, पण तोंड फिरवून.

मग एकदा आमच्यातली ती मालवणी पोरगी भावाचा मोबाइल घेऊन येते आणि कट्ट्यावर ठेवून रॅप लावते. तुम्ही तडकता, "बंद कर ते. खेळायला येता की नाचायला?" ती कुठली ऐकतेय. "सर, तिकडे अमेरिकेत हे गाणारी आणि हा खेळ खेळणारी एकाच गल्लीतली पोरं असतात. बॉल आपटतात तोच ठेका." तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात, शब्द एक कळत नसताना. मग म्हणालात, "अगं, हा तर जलसा झाला. माझा बाप जलशात ढोलकीवर गाण्यातून असंच सुनवायचा गावच्या पाटलाला." दुसऱ्या दिवसापासून नियमच झाला. बॉल आपटत यायचं, त्या ठेक्यावर स्वतःचं काहीतरी बोलायचं, आणि शॉट मारला की सगळ्यांनी मिळून छप्प. कोणी नळाला पाणी नाही ते बोलायची, कोणी दारूड्या बापाला शिव्या घालायची. मला लाज वाटायची. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "तू एकटीच मुकाट खेळतेस. गप्प बसणारीच्या हातून बॉल कोणीही काढून घेतं." रडले मी त्या दिवशी.

बोलले ना सर. वर्षभर बोलले, ओरडले, हात जोडले. तरी घेतलंच काढून. आता इथल्या मॉलमध्ये ढगळ जर्सी लटकलेल्या असतात, दुकानात दिवसभर रॅप वाजतं, आणि त्या जर्सी घालून फिरणाऱ्या पोरांना बॉल आपटायला चार फरशा मिळत नाहीत. माझा कशावरच विश्वास उरला नाही, हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

काल पोरींनी विचारलं, "ताई, आता कुठे खेळायचं?" कटरचा आवाज चालूच होता. मी म्हटलं, पुढच्या गल्लीत नवीन कोर्ट मिळतंय. चांगलं, जाळीसकट. सगळ्यात लहान होती तिने लगेच बॉल हवेत उडवून 'छप्प' केलं. घरी येताना आठवलं, तुम्ही दर वर्षी सांगायचात, "दिवाळीनंतर जाळी येतेय गं." कोणी दिलाच नव्हता ना तसा शब्द तुम्हाला? आमच्या तोंडाकडे बघून सांगायचात ना?

हे पत्र कुठे टाकणार, बॉलच्या पिशवीत ठेवून देईन. नवीन कोर्ट नाहीये, सर. मी थाप मारली. आणि रविवारी सकाळी त्या सगळ्या बूट घालून, जागा दाखवा म्हणून माझ्या दारात येणार आहेत.