मशीनमधले रात्रीचे दहा

सर,

दहावी नापास होऊन मी तुमच्या टायपिंग क्लासला आलो. भिंतीवरच्या घड्याळाबद्दल 'घड्याळ बंद पडले आहे' असं लिहिलं, म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर माझं पान फाडलंत. "बंद पडलंय हे तुला कुणी सांगितलं? काटे हलत न्हाईत, एवढंच दिसतंय ना? मग तेवढंच लिही. अक्कल चालवू नको, ती तुला न्हाई." मुली हसल्या. पुढे टायपिंगच्या परीक्षेत मी भोरमध्ये पहिला आलो तेव्हा तुम्ही हातातलं घड्याळ काढून मला दिलंत, तेही "हे तरी वेळेवर चालंल" असं म्हणून.

मग मी कॉम्प्युटर दुरुस्त करू लागलो, आणि तुमच्या क्लासमधून परीक्षेचा पेपर फुटल्याची तक्रार आली. पेपरची फ्लॉपी बुधवारी सकाळी नऊला उघडायची होती. क्लासमधल्या कॉम्प्युटर मशीनवर फाइल उघडल्याची वेळ होती मंगळवार, दुपारी चार. त्याच बुधवारी दुपारी हवालदार मला दुकानातून क्लासमध्ये घेऊन आले. मी अहवाल लिहितोय, 'मशीनवर मंगळवारची वेळ दिसते.' हवालदार वाकून बघतात. "दिसते-बिसते काय रं? कुणी उघडली? नाव टाक."

तुम्ही दारातून म्हणता, "आज सकाळीच उघडली रे, नवाला. नीट बघ."

"बघितलेलंच लिहितोय, सर," मी म्हणतो, आणि लिहितो, 'फाइल सरांनी मंगळवारी दुपारी चार वाजता उघडली.' त्या मशीनवर सहा जण बसायचे. क्लासची मान्यता गेली. किकवी गावच्या घरात तुम्ही दोन वर्षं काढलीत. तुमच्या मातीला मी आलो नाही.

आता पोलीस मला लांबून बोलावतात. माझ्या अहवालाची पहिली ओळ ठरलेली असते: मशीनमध्ये किती वाजले होते आणि माझ्या मनगटावर किती. मग जे दिसलं ते. माझं मत वेगळ्या पानावर. 'याने उघडली' असं लिहीत नाही, 'या खात्यावरून उघडली गेली' असं लिहितो. वकील फाडायला बघतात, फाटत नाही. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "कुठं शिकलात हे?" मी म्हणालो, "माझं मीच."

मशीनची बॅटरी कमजोर होती, बंद केलं की आतलं घड्याळ थांबायचं. हे मला नंतर कळलं, असं मी सगळ्यांना सांगतो. हे पान घडी घालून ठेवून दिल्यावरही तेच सांगेन. पण त्या दुपारी टेबलाखाली मी तुमचं घड्याळ बघितलं होतं. त्यात तीन वाजले होते, खिडकीत ऊन होतं, आणि मशीनमध्ये मंगळवारच्या रात्रीचे दहा, सतरा तास मागे.

मी बघितलं होतं, सर. लिहिलं नाही.