लॉगबुकातली दुसरी ओळ

बोटीवरून, १२ जानेवारी २०२५

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

अपघातापासून कप्तानाने नेट बंद ठेवलंय, म्हणून हे पत्र घरी निघालेल्या निलेशच्या हाती देतोय. आपल्या शेजारच्या लवूचा हात दोरात सापडून पंजा चिरडला. त्याला मस्कतला इस्पितळात ठेवलंय. कप्तान म्हणतो, लवू कामावर नव्हता, आपणहून तिथे गेला, असं लॉगबुकात लिहिलंय त्याखाली सही कर. खलाशांचा सारंग, म्हणजे मुकादम मी, माझ्या सहीशिवाय त्याचं भागत नाही. नाही केली तर पुढे कुठलीच बोट मिळणार नाही, हेही त्याने हसत हसत सांगितलं.

तू आमची इंग्रजीची पंडितीण. लॉग म्हणजे ओंडका ना? मग वहीला लॉग का म्हणतात? ती आठ दिवस समोर पडून आहे, म्हणून विचारतो. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझा बाबा

मालगुंड, २ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

आईपासून काही लपलंय कधी? निलेशकाकाचा चेहरा बघूनच तिने पत्र ओढून घेतलं. सही करून मोकळे व्हा आणि सुखरूप या, एवढंच म्हणते. लवूकाकाची सगुणाकाकी रोज संध्याकाळी आपल्या पायरीवर येऊन बसते. काम नसताना हे तिथे गेलेच कशाला, असं आम्हालाच विचारते. कंपनीने तिला फोनवर तसंच सांगितलंय. मला तिच्याकडे बघवत नाही.

तुमचा ओंडका शोधला. पूर्वी बोटीचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडत आणि किती गाठी सरकल्या ते वहीत लिहीत. लाकूड ते लॉग, म्हणून वही लॉगबुक. बोटीचा वेग तुम्ही नॉटमध्ये सांगता, तो नॉट म्हणजे तीच गाठ. आपण फोनवर लॉगिन करतो, तेही त्या वहीतूनच आलं. आमच्या बाई म्हणाल्या, लाकूड दाखवेल तेच लिहायचं, कप्तानाला आवडेल ते नव्हे.

बाबा, मला भीती वाटते. हे पत्र सागरकाका बोटीवर चढतील तेव्हा देतील. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची दिशा

मस्कत, १९ फेब्रुवारी

चि. दिशास आशीर्वाद.

सही केली. पण कप्तानाच्या मजकुराखाली माझ्या हाताने दोन ओळी लिहून, त्यांच्याखाली. लवू कामावर होता. दोर ताणलेला असताना त्याला पलीकडे मीच धाडलं. इतके दिवस कप्तानाचं नाव घेत बसलो, पण मला खरं भय होतं ते या दुसऱ्या ओळीचं.

मला इथेच उतरवलंय. चौकशीला चार-आठ दिवस लागतील, मग घरीच. फोनवर हे बोलायला जीभ वळणार नाही. आईला म्हणावं, काय ओरडायचं ते मी आल्यावर ओरड. त्याआधी हे पत्र सगुणावहिनींना वाचून दाखव. दुसरी ओळ गाळू नकोस.

तुझा बाबा