शनिवारची गोळी

शनिवार, संध्याकाळ. सुरत.

दादा म्हणतो तसं आई नाटक करत नाही. कितीदा सांगू त्याला? थायरॉईडचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, म्हणजे सगळं संपलं असं त्याला वाटतं. सोनईत तिच्याजवळ राहून त्याला दिसत नाही ते मला इथं गोदामावर फोनमधून ऐकू येतं. दर फोनला विचारते, "रूमवर पोचलास का?" मी कुठं गेलेलोच नसतो. मग म्हणते, "जीव घाबरा होतो रे, कशात मन लागत न्हाई." आणि रडते.

आज विचारलं, "सकाळची गोळी घेतली का?"

"न्हाई. आज उपास हाय ना. गोळीनं मोडतो."

सोमवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातले तीन दिवस गोळीच नाही! मी ओरडलोच. "कुणी सांगितलं एवढे उपास धरायला?"

"तुला साडेसाती हाय. शनिवार तुझ्यासाठीच धरलाय."

गोळी चुकल्यानंच तिला असं होतंय का? मला काय कळतंय. पण डॉक्टरला सांगायला तर पाहिजे. दादा म्हणणार, मागचा रिपोर्ट चांगला होता. म्हणून वहिनीला फोन लावला.

"भाऊजी, सोमवारी मीच नेते नगरला. ह्यांना विचारतच न्हाई."

"आणि उपास?"

"त्यांचे सगळे उपास आता मी धरते. तुमची साडेसाती माझ्या डोक्यावर! त्यांनी फक्त गोळी घ्यायची."

आई तिचं ऐकेल. ऐकायलाच पाहिजे.

रक्ततपासणी, डॉक्टरची फी, एसटी. वहिनीच्या फोनवर दोन हजार टाकतोय.